साडेनऊ आणि तीन शेपट्यांचा सरडा

माझे धाकटे दीर बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. सरकत्या पट्ट्यावरून रिकाम्या काचेच्या बाटल्या पुढे जातात, मागे पांढऱ्या उजेडाची एक काच असते, आणि भाऊजी स्टुलावर बसून ज्या बाटलीत बुडबुडा, चरा किंवा वाकडी मान दिसेल ती उचलून शेजारच्या पिंपात टाकतात. दिवसभर हेच. बाटली फुटल्याचा आवाज त्यांना गोड वाटत असावा असा माझा जुना संशय आहे, कारण घरी आल्यावरही ते तेच करतात. फक्त बाटल्यांच्या जागी आम्ही असतो.

कशालाही दहापैकी गुण द्यायची त्यांना खोड आहे. माझ्या चहाला साडेसात. शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांना सहा, तेही शिवण सरळ आहे म्हणून. माझ्या मुलीच्या अक्षराला आठ. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला माझ्या इस्त्रीचे गुण सांगितले होते, आणि मी नवी नवरी असूनही त्यांना काय ऐकवलं ते आमचे हे अजून पाहुण्यांना हसत हसत सांगतात. दहा मात्र आजवर कुणालाच मिळाले नव्हते. भाऊजींची मजल साडेनऊपर्यंत. म्हणून कारखान्यात आणि गल्लीत सगळे त्यांना 'साडेनऊ' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि या गृहस्थांना तो मान वाटतो!

अशा नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाला छंद तरी कसला असणार? भाऊजी कार्डं जमवतात. खेळायच्या पत्त्यांएवढी, चित्रांची. हे दोघे भाऊ लहान असताना एक कंपनी च्युइंगमच्या पाकिटात एकेक कार्ड घालायची. कार्डावर एक भयंकर प्राणी, आणि खाली त्याची ताकद आकड्यात. दोन डोक्यांचा बैल, लोखंडी चोचीचं घुबड, असलं काहीतरी. पोरं ती कार्डं एकमेकांत खेळायची, बदलायची, मागच्या खिशात घालून त्यावर बसायची. तीन शेपट्यांचा सरडा म्हणे त्यात सगळ्यांत दुर्मीळ. आमच्या ह्यांच्या सांगण्यानुसार तो शाळेत एकाच मुलाकडे होता, आणि तो मुलगा मधल्या सुट्टीत मोठ्या साहेबासारखा फिरायचा. इथवर ठीक आहे. पोरांनी पोरांसारखं वागावं.

पण तेव्हाची पोरं आता कमावती झाली आहेत आणि केसांबरोबर त्यांची अक्कलही विरळ झाली आहे, हे त्या कंपनीने बरोबर हेरलं. तीच जुनी मालिका तिने नव्याने छापली. तेच बैल, तीच घुबडं, तेच रंग. फक्त कागद जाड, वर चकाकी, आणि मागच्या बाजूला भिंगाशिवाय वाचता येऊ नये एवढ्या बारीक अक्षरांत 'पुनर्मुद्रण'. च्युइंगम काढून टाकला. म्हणजे जी एकमेव खाण्याजोगी गोष्ट होती तीही गेली, आणि उरलेल्या कागदासाठी टक्कल पडलेले पुरुष दुकानापुढे रांगा लावू लागले.

रविवारी झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत या मंडळींची बैठक भरते. एक सायकल दुरुस्त करणारा, एक गणिताचा मास्तर, एक दातांचा डॉक्टर आणि आमचे साडेनऊ. मी एकदा भाऊजींचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. चौघेही एका कार्डावर असे वाकले होते की मला वाटलं कुणाला घेरी आली. त्या खोलीतही दोन तट. मास्तर आणि डॉक्टर जुनी, मूळ कार्डं जमवतात आणि नव्या छपाईला 'रीप्रिंट' म्हणताना नाक मुरडतात, जणू कुणी त्यांच्या पानात उष्टं वाढलंय. भाऊजी मात्र फक्त रीप्रिंटवाले. त्याचं कारण त्यांनी मला एकदा भांडी घासताना गाठून समजावलं होतं.

"मूळ कार्ड कितीही जपलं ना वहिनी, तरी त्याला कुणाचा ना कुणाचा हात लागलेला असतो. एखाद्या पोराने ते चाटलेलंसुद्धा असतं. रीप्रिंटचं तसं नाही. छापखान्यातून पाकिटात, पाकिटातून माझ्या हातात. मध्ये कुणी नाही."

"आणि तुमच्या हाताचं काय?" मी विचारलं.

"माझ्या हातात मोजे असतात," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे म्हणाले. मी पातेलं जरा जोरात आपटलं.

मोजे खरंच असतात, पांढरे सुती. पाकीट उघडायचं तेव्हा भाऊजी आधी साबणाने हात धुतात, मग मोजे घालतात, मग टेबलावरचा दिवा मान मोडल्यासारखा खाली वाकवतात. पाकिटाची कड कात्रीने कापतात. कार्ड बाहेर आलं की श्वास रोखतात, वाफ बसू नये म्हणून. मग परीक्षा. आधी चार कोपरे भिंगाखाली. मग कडा. मग कार्ड तिरकं धरून उजेडात बघायचं, चकाकीवर ओरखडा आहे का. शेवटी समास. चित्राच्या डावीकडची पांढरी पट्टी उजवीकडच्या पट्टीपेक्षा केसाएवढी जाड निघाली की गेला अर्धा गुण. छापखान्यातून ताज्या निघालेल्या, कुणाचं बोटही न लागलेल्या कार्डात हा माणूस खोट काढतो, आणि खोट सापडली की त्याचा चेहरा असा खुलतो की बघवत नाही. मग कार्ड जाड प्लॅस्टिकच्या डबीत बंद, डबीवर गुणांची चिकटपट्टी, आणि डबी फळीवर. ती पुन्हा उघडायची नाही. खेळायचं तर नाहीच नाही. कार्डाशी खेळणारा माणूस भाऊजींच्या लेखी गुन्हेगार.

हे सगळं चालतं वरच्या खोलीत. घरातली ती सगळ्यांत चांगली खोली, दोन खिडक्यांची. पण उन्हाने रंग उडतो म्हणून खिडक्यांना जाड पडदे, आणि ओलीने कागद फुगतो म्हणून शेजारच्या गच्चीत मी ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. माझी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोडणीच्या धुरात अभ्यास करते आणि वर साडेनऊंची कार्डं ऐसपैस नांदतात. ह्यांना सांगून उपयोग नाही. "जाऊ दे ग, एकटा आहे तो," एवढं म्हणून हे वर्तमानपत्रात तोंड घालतात. एकटे नसतील तर काय होतील? त्यांच्यापुढे मुली आल्या नाहीत असं नाही. एकीचं नाक, एकीचं हसणं, एकीची चाल, प्रत्येकीत केसाएवढा समास चुकलेला. शेवटी नातेवाइकांनी हात टेकले आणि मीही.

आणि मग त्यांच्या शर्टाच्या खिशात पुड्या सापडायला लागल्या.

धुवायच्या कपड्यांचे खिसे मीच रिकामे करते. बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या पुड्या, आत साबुदाण्यासारखे दाणे, वर 'खाऊ नये' असं छापलेलं. गोळ्यांच्या डब्यात ओल धरू नये म्हणून घालतात तसल्या. एका शर्टात मूठभर निघाल्या तेव्हा मी विचारलं. भाऊजी म्हणाले, कार्डांच्या डब्यांत ठेवायला. कुठून आणता? औषधांच्या दुकानातून. फुकट देतात? यावर त्यांचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांत मी त्या कानांना रंग बदलताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी खोटाच खोकला घेऊन त्या दुकानात गेले.

काउंटरमागे एक बाई होत्या. चाळिशीला टेकलेल्या, बारीक चणीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्यामागच्या फळीवर काचेची बरणी होती आणि बरणीत त्याच पुड्या गच्च भरलेल्या. डब्यातल्या गोळ्या संपल्या की बाई पुडी काढून बरणीत टाकत होत्या. ज्या माणसाने दुसऱ्यासाठी कधी ताटसुद्धा उचललं नाही, त्याच्यासाठी कुणीतरी रोज एकेक पुडी साठवतं आहे, हे पाहून मला आधी हसू आलं आणि मग त्या बाईंची काळजी वाटली.

मी ओळख वाढवली. खोकला बरा झाला तरी जात राहिले. बाई एकट्या राहत होत्या. आई बरीच वर्षं अंथरुणाला होती, ती गेली. त्या मोजकं बोलायच्या, पण खोचक. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवरचं अक्षर कळत नाही म्हटलं की "डॉक्टरांनाही कळत नाही, मीच काय ते ओळखते" म्हणायच्या. मला त्या मनापासून आवडल्या. म्हणूनच एक दिवस राहवलं नाही आणि मी स्पष्ट विचारलं, "आमच्या भाऊजींमध्ये तुम्हाला दिसलं तरी काय?"

त्यांनी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. "इथे लोक चिठ्ठी पुढे करतात आणि औषध घेऊन जातात," त्या म्हणाल्या. "माझा चेहरा कुणी बघत नाही. रस्त्यात भेटले तर ओळखणार नाहीत. तुमचे दीर पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, तुमच्या चष्म्याची डावी काडी जरा वर आहे. आणि खरंच होती. कितीतरी महिने होती. कुणी सांगितलंच नव्हतं."

मी कपाळाला हात लावायची राहिले. खोट काढली होती हो त्यांनी, खोट! पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझी जीभ, जी कुणाच्या बापाला घाबरत नाही, ती जागच्या जागी बसली. मला वरची खोली रिकामी हवी होती, हे मी लपवत नाही. पण त्या दिवसापासून मला त्या बाई या घरात हव्याशा वाटू लागल्या, आणि त्याचबरोबर असंही वाटू लागलं की त्यांनी इथून लांब पळून जावं.

गोष्ट पुढे सरकली ती बाईंच्यामुळे. भाऊजींच्या भरवशावर राहिली असती तर अजून पुड्यांवरच असती. दोघे बागेतल्या बाकावर बसू लागले, आणि तिथे भाऊजी त्यांना कोपरे आणि समास समजावून सांगत. बाई ऐकून घेत. एकदा मला म्हणाल्या, "त्यांची मालिका एकाच कार्डासाठी अडली आहे. तो सरडा." नव्या छपाईतही कंपनीने तीच चलाखी केली होती, शेकडो पाकिटांत एखादाच सरडा. भाऊजींना तो मिळत नव्हता, आणि त्यावरून घरात सुतक असल्यासारखं वातावरण असायचं. लग्न नाही त्याचं काही नाही, सरडा नाही याचं दुःख!

शेवटी मीच दोघांना एका दुपारी चहाला बोलावलं. लग्नाची नोंदणी कधी करायची, काय ते एकदाचं बोलून टाकू म्हटलं. बाईंचं दोन खोल्यांचं घर होतं, भाऊजींनी तिकडे जायचं असं त्यांच्यात ठरलंच होतं. आईच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट कोरडं आहे, ते त्यांनी कार्डांसाठी मोकळं करायला घेतलं होतं. आईच्या साड्या त्यात होत्या. त्या कुठे गेल्या हे मी विचारलं नाही.

चहा झाला. बाईंनी पर्समधून एक लिफाफा काढला आणि भाऊजींच्या पुढे ठेवला. "तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "रोज घरी जाताना एकेक पाकीट घेत होते. मिळाला शेवटी."

भाऊजींनी लिफाफा उघडला आणि तीन शेपट्यांचा सरडा टेबलावर आला. चकचकीत, हिरवा, जीभ बाहेर काढलेला. आणि लॅमिनेट केलेला.

माझ्या मुलीने तोंडावर हात ठेवला. आमच्या ह्यांनीही चहाचा कप हवेतच धरला, आणि ह्यांना एरवी भूकंप झाला तरी कळत नाही. आम्ही कार्डं जमवत नसलो तरी या माणसाबरोबर राहून एवढं शिकलो होतो की कार्डावर गरम प्लॅस्टिक चिकटवणं म्हणजे त्याचा गळा घोटणं. ते पुन्हा निघत नाही. जमवणाऱ्यांच्या जगात ते कार्ड संपलं. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलं," त्या सांगत होत्या. "आता हात लागला तरी काही होणार नाही, ओल लागणार नाही. आमच्या दुकानाचा परवाना असाच आहे, आईचा फोटो असाच आहे. जपायचं असलं की मी असंच करते."

भाऊजींचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर माझा पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. त्यांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. मी मनात म्हटलं, मेल्या, आत्ता नको. पण ते वाकले. एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला. प्लॅस्टिकच्या कडा धरून कार्ड तिरकं केलं, उजेडात धरलं. समास पाहिले, पुन्हा पाहिले. त्या बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

"दहा," भाऊजी म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "दहा आहे हे."

बाईंचा चेहरा असा उजळला की मी नजर दुसरीकडे वळवली. ह्यांनी टाळीच वाजवली. मी पाय उचलला, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी आमच्या साडेनऊंचं कौतुक वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणासाठी तरी खोटं बोलला, माणसात आला असं वाटलं. त्या संध्याकाळी मी त्यांना न मागता दुसरा चहा दिला.

पुढच्या पंधरवड्यात नोंदणीचा दिवस ठरला. मी मुलीच्या टेबलासाठी वरच्या खिडकीखालची जागासुद्धा डोळ्यांनी मोजून ठेवली. भाऊजी मात्र वर खोलीत दार लावून बसायला लागले. मला वाटलं, लाजत असतील. असतं एकेकाचं.

मग एका शनिवारी सकाळपासून मला इस्त्री सापडत नव्हती. सगळं घर उलथंपालथं केलं. मुलीवर ओरडले, तिची काही चूक नसताना. तेवढ्यात बाई आल्या. कपाटाच्या फळ्या कार्डांच्या डब्यांच्या मापाने बसवून घ्यायच्या होत्या, म्हणून मोजायची फीत घेऊन आल्या होत्या. "सुतार उद्या येणार आहे," त्या म्हणाल्या. "डब्या मोजून घेते, म्हणजे फळ्या वाकड्या यायला नकोत. यांना चालणार नाही." आम्ही दोघी हसत हसत जिना चढलो.

दारातच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आत टेबलावर माझी इस्त्री होती, तिच्याखाली माझाच जुना रुमाल घातलेला. शेजारी दाढीचं पातं, चिमटा, स्पिरिटची बाटली. भाऊजी मोज्यांशिवाय बसले होते, उघड्या हातांनी. त्यांच्या एका हातात प्लॅस्टिकचा गुंडाळलेला पापुद्रा होता आणि त्याला सरड्याचं डोकं आणि दोन शेपट्या चिकटून आल्या होत्या. टेबलावर उरलेलं कार्ड पांढरं, कापूस पिंजल्यासारखं, त्यावर फक्त तिसरी शेपटी.

लपवायला हवं, एवढी तरी अक्कल असावी की नाही? नाही! ते बाईंना बघून उठलेच. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "बघा काय झालं! एक कोपरा सुटला होता हो, व्यवस्थित सुटला होता. कसला कोपरा होता, वहिनी! जरा घाई झाली. डिंक सुटायच्या आत रंगच उचलला गेला."

बाईंचा हात त्या फितीवर घट्ट झाला होता.

"मी त्या दिवशी दहा म्हणालो ना?" भाऊजींचे डोळे पाणावले होते. "खरंच दहा होता. आयुष्यात पहिल्यांदा बघितला मी. समास चारी बाजूंनी एकसारखे. रोज काढून बघायचो. भिंगातून सगळं दिसायचं आणि मध्ये ते प्लॅस्टिक. सहनच होईना."

म्हणजे खोटं बोललेच नव्हते. कुणासाठीही नाही. ते फक्त गुण देत होते.

"मग तसंच का नाही ठेवलंत?" बाईंनी विचारलं. अगदी हळू.

"तसं कसं ठेवणार? लॅमिनेट केलेल्या कार्डाला गुण देता येत नाहीत. ते धरतच नाहीत."

"मी दिलं होतं ते."

"हो, पण तुम्ही दिलंत तेव्हाच ते गेलेलं होतं," भाऊजी समजावणीच्या सुरात म्हणाले, बागेतल्या बाकावर समजावत असतील तसे. "म्हणून तर वाचवायला बघत होतो. तुम्ही नुसतं पाकिटातून काढून होतं तसं आणलं असतंत ना..." आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष पुन्हा त्या पापुद्र्याकडे गेलं. त्यांनी तो दिव्यापुढे धरला.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही काउंटरपलीकडून माझ्याकडे बघायचात," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला फार बरं वाटायचं."

"बघतोच मी नीट," भाऊजी म्हणाले. मान वर न करता.

"हो. काय शोधत बघता ते आज कळलं."

त्यांनी फीत गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि जिना उतरल्या. मी मागोमाग गेले. "थांबा हो," मी म्हटलं, "मी त्यांचे कान उपटते, तुम्ही बसा जरा, पाणी तरी घ्या." त्या दारात थांबल्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"नका काही बोलू," त्या म्हणाल्या. "त्यांना कळणार नाही, आणि तुमचं डोकं दुखेल." मग चप्पल घालता घालता म्हणाल्या, "कपाट सगळं रिकामं केलं मी. आता त्यात काय ठेवू, हाच प्रश्न आहे." आणि थोडं हसल्यासारखं करून गेल्या. सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता, तो त्यांनी परत पाठवला असेल.

मी वर गेले ती दात ओठ खातच गेले. एवढ्या वर्षांत साठवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. माणूस आहात की भिंग, त्या बाईंच्या आईच्या साड्या गेल्या तुमच्या कागदांपायी, उद्यापासून चहासुद्धा स्वतःचा करून घ्या, असं सगळं. भाऊजी टेबलाशी पाठमोरे बसले होते, खांदे खाली पडलेले. क्षणभर मला वाटलं रडत आहेत, आणि माझा राग थोडा ढिला पडला. मग दिसलं, की ते त्या एका सुटलेल्या कोपऱ्यावर भिंग लावून बसले आहेत.

"वहिनी," ते मागे न वळता म्हणाले, "त्यांनी ती पाकिटं नेमकी कुठल्या दुकानातून घेतली, ते विचारलंत का? कधीकधी एकाच खोक्यात दोन सरडे निघतात."

टोमणे मारण्यात या घरात माझा हात कुणी धरत नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी दाराची चौकट धरून नुसती उभी राहिले. मला ऐकू आलं नाही असं समजून भाऊजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने.